वाचकांचे प्रश्न : छातीतली ‘चिप’ काय टिपते, काय टिपत नाही

हृदयाचे ठोके नोंदवण्यासाठी छातीत त्वचेखाली बसवायच्या लूप रेकॉर्डरबद्दल (लोक त्यालाच ‘चिप’ म्हणतात) आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं. पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

वडील ५८ वर्षांचे. आठ महिन्यांत दोनदा शुद्ध हरपून पडले. एकदा दादरच्या रेल्वे पुलावर, एकदा रात्री पाणी प्यायला उठताना. २४ तासांचं होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) दोनदा झालं, दोन्ही वेळा नॉर्मल. आता डॉक्टर छातीत चिप बसवा म्हणतात. होल्टर नॉर्मल असताना ती कशाला? (नायगाव)

होल्टर नॉर्मल आलं म्हणजे त्या दिवशी ठोके नॉर्मल होते, एवढंच. आठ महिन्यांचे झाले साधारण २४० दिवस. त्यातले दोन दिवस यंत्र अंगावर होतं आणि नेमके त्या दोन दिवसांत वडील पडले नाहीत. चार महिन्यांतून एकदा होणारी गोष्ट एका दिवसाच्या पट्टीत सापडणं म्हणजे मटका लागण्यासारखं आहे. १४ दिवस चिकटवून ठेवायचा पॅच किंवा महिनाभराचा बाहेरचा रेकॉर्डर हे मधले टप्पे. आठवड्या-पंधरवड्याला त्रास होत असेल तर ते पुरतात. (मे महिन्यात मुंबईच्या घामात पॅच १४ दिवस टिकवणं हे वेगळंच काम!) वडिलांच्या बाबतीत दोन-तीन वर्षं चालणारी नोंदच उपयोगाची.

तिला चिप म्हणतात खरं, पण ती चिप नव्हे. ती दोन इलेक्ट्रोड आणि एक बॅटरी असलेली छोटी कांडी असते. हृदयापर्यंत कुठलीही वायर जात नाही. मेडट्रॉनिकचं पहिलं ‘लिंक’ ४४.८ मिलिमीटर लांब, ७.२ रुंद आणि ४ जाड होतं. रिमोटमध्ये घालतो त्या बारीक सेलइतकीच लांबी, जाडी मात्र निम्म्याहून कमी. वजन अडीच ग्रॅम. बॅटरी मॉडेलनुसार दोन ते साडेपाच वर्षं, काहींची त्याहूनही जास्त. ती चार्ज होत नाही.

नावातलं ‘लूप’ समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सोसायटीच्या गेटवरच्या सीसीटीव्हीसारखं हे यंत्र सतत बघतं, पण सगळं जपत नाही, जुन्यावर नवं लिहीत जातं. ठोका ३ सेकंद थांबला, गती फार खाली गेली, फार वर गेली किंवा ठोके वेडेवाकडे पडू लागले, की तेवढा तुकडा स्वतःहून बाजूला काढून ठेवतं. या मर्यादा डॉक्टर रुग्णाप्रमाणे ठरवतात. दुसरा मार्ग म्हणजे रुग्णाने स्वतः नोंद करणं. सोबत मिळणारं बटण (काही मॉडेलना फोनवरचं अ‍ॅप) दाबलं की आधीची काही मिनिटं जपली जातात. वडील शुद्धीवर आल्यावर ते बटण लगेच दाबायला हवं. त्यांना जमलं नाही तर घरच्यांनी दाबावं. अर्ध्या तासाने आठवून उपयोग नाही, तोवर त्यावर नवं लिहिलं गेलेलं असतं.

‘यंत्र आपोआप पकडतं ना, मग बटण कशाला?’ असं बरेच जण म्हणतात आणि ते कपाटात ठेवून देतात. पण रक्तदाब एकाएकी उतरून माणूस पडला आणि ठोके व्यवस्थित चालू राहिले, तर यंत्राच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं. पडण्याच्या क्षणी ठोके नॉर्मल होते हे फक्त बटणामुळे कळतं आणि तेही उत्तरच आहे. त्यामुळे पेसमेकरचा विषय बाजूला पडतो.

मात्र आणखी एक गोष्ट. दुसऱ्यांदा वडील ‘उठताना’ पडले असं तुम्ही लिहिलंय. चिपच्या आधी त्यांचं बीपी पाच मिनिटं आडवं झोपवून आणि मग उभं राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला मोजलं का, ते विचारा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर कारण तिथेच सापडू शकतं. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्या हे करतात. २०११च्या ‘पिक्चर’ या युरोपीय पाहणीत लूप रेकॉर्डर बसण्याआधी रुग्णांच्या सरासरी तेराएक तपासण्या होऊन गेल्या होत्या. आपल्याकडेही मेंदूचा एमआरआय आणि ईईजी आधी उरकतात आणि उभ्याने बीपी मोजायचं राहून जातं.

आणि उलट बाजूही आहे. पळताना किंवा आडवं पडलेलं असताना शुद्ध गेली, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग कमी निघालं, ईसीजीत विद्युतमार्गात अडथळा दिसला किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर चिप बसवून वाट बघत बसायचं नसतं. तिथे थेट पुढच्या तपासण्या किंवा उपचार. चिप फक्त नोंद करते, ठोका थांबला तर तो सुरू करून देत नाही. निदान होईपर्यंत वडिलांनी गाडी चालवू नये आणि लोकलच्या दारात उभं राहू नये.

बसवताना भूल देतात का? मी ४९ वर्षांची आहे. खूण दिसेल का आणि मंगळसूत्र घालता येईल का? (गिरगाव)

भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या बाजूला, चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या पातळीवर, हाडाच्या कडेशी साधारण ४५ अंशांचा तिरपा कोन धरून जागा ठरवतात. लिग्नोकेन टोचतात, त्याची एक-दोन मिनिटं आग होते. मग सेंटिमीटरभराहून लहान चीर घेऊन पिचकारीसारख्या साधनाने कांडी त्वचेच्या लगेच खाली सरकवतात. खरं काम काही मिनिटांचं. बाकीचा वेळ निर्जंतुक करण्यात आणि कागदपत्रांत जातो.

टेबलावरून उठण्याआधी एक आकडा बघितला जातो. कांडीला ठोक्याचा मुख्य उंचवटा, म्हणजे आर-वेव्ह, किती मोठा दिसतो? ०.२ मिलिव्होल्ट हा किमान समजा (साध्या ईसीजीच्या कागदावर २ मिलिमीटर), त्याहून जास्त असेल तर उत्तम. इथे घाई करून लहान उंचवट्यावर समाधान मानलं की पुढची तीन वर्षं खोट्या इशाऱ्यांची रांग लागते. चीर बंद करण्याआधी जागा बदलणं सोपं असतं. तुम्ही झोपलेल्याच असाल, तेव्हा बसून आणि डाव्या कुशीवरही आकडा बघायला सांगा.

स्त्रियांमध्ये कांडी स्तनाखालच्या घडीजवळ बसवता येते, खूण झाकली जाते. आधी बोला, टेबलावर गेल्यावर नव्हे. ब्रा घालून जा आणि तिची पट्टी कुठे येते ते दाखवा. पट्टीखाली जखम आली की रोज घासते. मंगळसूत्र मधोमध पडतं, तरी हललं की वाट्या टाक्यांवर घासतात. जखम भरेपर्यंत काढून ठेवा किंवा आखूड घाला.

जखम डॉक्टर सांगतील तितके दिवस, सहसा आठवडाभर, कोरडी ठेवायची. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजूबाजूला निळंजांभळं होतं आणि हळूहळू उतरतं. तेवढ्याला घाबरू नका. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर लाली पसरत गेली, जागा गरम लागली, पाणी किंवा पू आला किंवा कांडीचं टोक त्वचेतून डोकावू लागलं, तर त्याच दिवशी दाखवा. जंतुसंसर्ग शंभरात साधारण एखाद्यालाच होतो, पण झाला तर नुसत्या गोळ्यांवर भागवून चालत नाही, बहुधा कांडी काढावी लागते.

यांना ६३व्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. हात आता सुधारलाय. झटका मेंदूचा, मग छातीत यंत्र कशासाठी? अ‍ॅस्पिरिन तर चालूच आहे. (मुलुंड)

कारण गुठळी मेंदूत अडकली तरी ती तिथेच तयार झाली असं नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (पुढे एएफ म्हणू) हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक पिशवीसारखा कोपरा असतो. त्यात रक्त साचतं, गुठळी होते आणि सुटली की थेट वर जाते. हे एएफ कधी कधी तासाभरासाठी येतं आणि जातं, रुग्णाला पत्ताही लागत नाही.

गोळीचा प्रश्न महत्त्वाचा. मानेच्या शिरांतल्या चरबीमुळे झटका आला असेल तर अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल योग्य. एएफची गुठळी असेल तर ती औषधं अपुरी पडतात, तिथे अ‍ॅपिक्साबॅन, डॅबिगॅट्रानसारखी गोळी लागते. म्हणजे चिपचं उत्तर औषध बदलतं. ती बसवायला याहून चांगलं कारण नाही.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्टल एएफ’ अभ्यासात कारण न सापडलेल्या झटक्याचे ४४१ रुग्ण होते. वर्षभरात चिप बसवलेल्यांपैकी १२.४ टक्क्यांत एएफ सापडलं, नेहमीच्या तपासण्यांत २ टक्क्यांत. तीन वर्षांनी हेच प्रमाण ३० आणि ३ टक्के झालं. हॉस्पिटलातल्या दोन दिवसांच्या मॉनिटरवर भरवसा का ठेवत नाहीत ते यावरून कळेल.

मात्र त्याआधी मानेच्या आणि मेंदूच्या शिरांची तपासणी, इको आणि निदान २४ तासांचा मॉनिटर झालेला असावा. साध्या ईसीजीतच एएफ दिसलं असेल तर चिपची गरजच नाही, गोळी सुरू करायची. आणि चिपचं उत्तर येईपर्यंत चालू असलेलं अ‍ॅस्पिरिन मनाने बंद करू नका.

सासूबाईंना चिप बसवून दोन महिने झाले. दवाखान्यातून फोन आला, ‘पहाटे ५ सेकंद ठोका थांबला.’ त्या मात्र मजेत आहेत. पेसमेकर लागेल का? (बोरिवली)

फोनवरच्या वाक्यावर काही ठरवू नका. पट्टी मागवा आणि ती बघितलेल्या डॉक्टरांशी बोला. लूप रेकॉर्डरच्या कामात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. यंत्राने ‘थांबला’ म्हटलं याचा अर्थ ‘मला ठोका दिसला नाही’ इतकाच असतो.

पट्टीच्या वरच्या ओळीत ईसीजी असतो, त्याखाली यंत्राने ओळखलेल्या प्रत्येक ठोक्याची खूण. खोट्या विरामात बहुधा असं दिसतं : सरळ रेषेच्या आधी उंचवटे एकदम जात नाहीत, दोन-चार ठोक्यांत खुजे होत जातात. ‘रिकाम्या’ ५ सेकंदांतही बारीक टेंगळं ठरावीक अंतराने येत राहतात, फक्त त्यांच्याखाली खूण नसते. मग उंचवटे पुन्हा मोठे होतात. म्हणजे सासूबाई कुशीवर वळल्या, त्वचेखाली कांडी किंचित हलली आणि ठोका यंत्राच्या नजरेतून निसटला. हृदय चालूच होतं. बसवल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत कांडीभोवती पोकळी आणि थोडा द्रव असतो, तेव्हा हे जास्त होतं. खऱ्या विरामात शेवटचा उंचवटा पूर्ण उंचीचा असतो आणि त्यापुढे काहीच नाही, किंवा वरच्या कप्प्याच्या बारीक लहरी एकट्याच चालू दिसतात.

एएफच्या इशाऱ्यांचंही तसंच. बहुतेक यंत्रं मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या अनियमिततेवर एएफ ओळखतात. त्यामुळे मधूनमधून जादा ठोके पडत असतील तरी ‘एएफ’ अशी नोंद होते. अंतरांचा ठिपक्यांचा आलेख बघा. एएफमध्ये ठिपके सांडलेल्या मोहरीसारखे सगळीकडे विखुरतात. जादा ठोक्यांत दोन-तीन समांतर रांगा दिसतात. स्नायूंची थरथर किंवा टी-वेव्ह (मुख्य उंचवट्यामागून येणारी लहर) वेगळा ठोका म्हणून मोजली गेल्याने खोटी ‘जलद गती’ही येते. खोटे इशारे फार येत असतील तर क्लिनिकमध्ये संवेदनक्षमता आणि मर्यादा बदलून घेता येतात, कांडी काढावी लागत नाही. हे वेळेवर करा, कारण यंत्राची जागा मर्यादित असते आणि खोट्या नोंदी खऱ्यांना बाहेर ढकलतात.

विराम खरा निघाला तरी लगेच पेसमेकर नव्हे. झोपेत ३-४ सेकंदांचे विराम निरोगी माणसातही दिसतात. घोरणं आणि झोपेत श्वास अडणं असेल तर आणखी दिसतात, तिथे झोपेची तपासणी आधी. युरोपच्या २०१८च्या मार्गदर्शनात, शुद्ध हरपण्याचा त्रास असलेल्यांसाठी, लक्षणासोबत ३ सेकंद किंवा लक्षणाविना ६ सेकंदांहून मोठा विराम हा पेसमेकरच्या विचाराचा उंबरठा धरला आहे. सासूबाईंना चिप कशासाठी बसवली होती, चकरेसाठी की झटक्यानंतर, यावरही अर्थ बदलतो.

आमची लालबागची एक खोली. रात्री उशाशी ठेवायची डबी माळ्यावर ठेवली तर चालेल? गणपतीत दहा दिवस कोकणात जातो, तिथे रेंज नसते. (लालबाग)

माळा नको. डबी (कांडीतल्या नोंदी दवाखान्याला पाठवणारं उपकरण) आणि छाती यांच्यात साधारण दोन मीटरपेक्षा जास्त अंतर नसावं, मधे लोखंडी कपाटही नको. रुग्ण खाली झोपत असेल तर डबी खालीच, भिंतीशी, प्लग न काढता. फोन चार्ज करायला तोच प्लग उपटला जातो, एका खोलीत नोंदी न पोचण्याचं हे नेहमीचं कारण आहे. बहुतेक मॉडेलची डबी मध्यरात्रीनंतर, माणूस झोपलेला असताना, कांडीशी संपर्क साधून माहिती मोबाइल नेटवर्कवरून पाठवते. फोनच्या अ‍ॅपवर चालणारं मॉडेल असेल तर ब्लूटूथ चालू, अ‍ॅप उघडं आणि बॅटरी बचतीतून त्या अ‍ॅपला वगळलेलं हवं. नवा फोन घेतला की जोडणी पुन्हा करावी लागते, ही गोष्ट हमखास राहते.

कोकणात खुशाल जा. नोंद कांडीत होत राहते, फक्त पाठवली जात नाही. डबी सोबत न्या आणि रेंज मिळेल तिथे एक रात्र लावा, नाहीतर परतल्यावर. जाण्याआधी क्लिनिकला तारखा कळवा.

आता जे कुणी विचारत नाही ते. पाठवलेली पट्टी बघतं कोण? हा प्रश्न बसवण्याआधी विचारा आणि उत्तर लिहून घ्या : माणसाचं पद, फोन, आठवड्यातून किती वेळा बघतात, रविवारी काय, इशारा आला तर किती दिवसांत कळवतात. चांगली कांडी बसवून तिकडे कुणी लॉगिनच करत नसेल तर पैसे पाण्यात. आणि हा इशारा म्हणजे रुग्णवाहिका नव्हे. छातीत दुखलं, शुद्ध गेली, तोंड वाकडं झालं, तर डबीकडे बघत न बसता १०८ ला फोन करा.

ईसीजी काढणारं घड्याळ घेतलं तर चिप टळेल का? (विलेपार्ले)

धडधड जाणवते आणि त्या वेळी शुद्धीवर असता, तर ३० सेकंदांची ती पट्टी खरंच उपयोगी आहे. पीडीएफ जपून ठेवा. पण ती काढायला दुसऱ्या हाताचं बोट घड्याळावर धरावं लागतं आणि बेशुद्ध माणूस ते करू शकत नाही. रात्री घड्याळ चार्जिंगला असतं. झटक्यानंतर एएफ शोधायचं असेल तर घड्याळावर विसंबू नका.

विमानतळ, मॉलचं दार, इंडक्शन शेगडी, एमआरआय, यांचं काय? (गोरेगाव)

पेसमेकरचे नियम याला जसेच्या तसे लावू नका. ही कांडी हृदयाला काहीच करत नाही, त्यामुळे बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राने बिघडलीच तर नोंद बिघडते, ठोका नव्हे. स्कॅनरच्या कमानीतून न रेंगाळता चालत जा, कार्ड खिशात ठेवा. स्वयंपाक नेहमीसारखा करा. फोन मात्र छातीवरच्या खिशात ठेवू नका. एमआरआय बहुतेक मॉडेलना अटींसह चालतो. कार्डावरचा मॉडेल नंबर आधी कळवा आणि साठलेली माहिती आधी पाठवून घ्या, कारण मशीनमध्ये खोट्या नोंदी होतात. फिजिओथेरपीतला डायथर्मीचा शेक त्या भागावर नको.

मेडिक्लेम मिळेल का? (ठाणे)

आधी लेखी मंजुरी घेतल्याशिवाय तारीख ठरवू नका. आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळणुकींत ‘तपासणी आणि मूल्यमापन’ अशी एक आहे (कोड ०४). फक्त निदानासाठी दाखल झाल्याचा खर्च तीत वगळला जातो. चिप निदानाचंच साधन असल्याने टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारा) तिकडे बोट दाखवतो. त्यात मुक्काम २४ तासांचा नसतो. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : झालेला आजार तारखांसह (झटका किंवा पडणं), आधी झालेल्या तपासण्या आणि त्यांतून कारण न सापडल्याची नोंद, आणि या नोंदीवरून कोणता उपचार ठरणार आहे. एस्टिमेटमध्ये यंत्र, कॅथ लॅब आणि डॉक्टर यांचे आकडे वेगळे मागा. यंत्राचाच वाटा सगळ्यात मोठा असतो. यंत्राचा स्टिकर बिलावर चिकटवून घ्या. तो नसला म्हणूनही दावे अडकतात.

वय ७२, बीपी आहे, बाकी ठणठणीत. खबरदारी म्हणून बसवून घेऊ का? मुलगा म्हणतो पैशांची चिंता नको. (माहीम)

आमचं मत : नको. डेन्मार्कमध्ये तुमच्यासारख्या ७० ते ९० वयाच्या, बीपी-मधुमेह वगैरे जोखीम असलेल्या ६,००४ जणांवर हाच प्रयोग झाला (‘लूप’ अभ्यास, २०२१). चिप असलेल्यांपैकी ३१.८ टक्क्यांत एएफ सापडलं, नसलेल्यांत १२.२ टक्क्यांत. गोळ्याही त्या प्रमाणात सुरू झाल्या. तरी झटक्यांचं प्रमाण ४.५ विरुद्ध ५.६ टक्के राहिलं आणि हा फरक योगायोगाचा नाही असं म्हणण्याइतका ठाम निघाला नाही. शिवाय सहा मिनिटांचं एएफ सापडलं की गोळी घ्यायची की नाही हा पेच गळ्यात पडतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने रक्तस्राव वाढतो, हे विसरू नका. अहवालात ‘एएफचा भार १ टक्का’ (एकूण वेळेतला एएफचा वाटा) दिसलं तर तो दिवसाला सरासरी १४ मिनिटं होतो. मुलाला चांगलं बीपीचं यंत्र आणायला सांगा. बीपी १३०च्या आसपास ठेवणं झटका टाळायला जास्त कामाचं.

आईला आधीच पेसमेकर आहे. वेगळी चिप लागेल? (परळ)

वरच्या कप्प्यात तार असलेला पेसमेकर असेल तर तो एएफची नोंद स्वतःच ठेवतो. तपासणीला जाल तेव्हा ती नोंद मागा. चिप नको.

बॅटरी संपल्यावर काढावीच लागते का? (डोंबिवली)

सक्ती नाही. टोचत नसेल, जागेवर संसर्ग नसेल तर बरेच जण तशीच राहू देतात. काढायची तर पुन्हा तेवढीच भूल आणि लहानशी चीर. कांडीभोवती पातळ कवच झालेलं असतं, ते उघडून ती बाहेर घेतात. बसवण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. निदान लवकर झालं, म्हणजे एएफ सापडून गोळी सुरू झाली किंवा पेसमेकर बसला, तर बॅटरी शिल्लक असतानाही काढता येते. पेसमेकर बसवतानाच काढायला सांगा, एका खेपेत दोन्ही होतं.

बोलायला जड जातं, पण घरात एकाला तरी माहीत असू द्या : बंद पडलेल्या कांडीतही लिथियमची बॅटरी असते आणि ती दाहिनीत फुटू शकते. मृत्यू झाला तर दहनाआधी ती काढून घ्यायला हॉस्पिटलला सांगायचं. घरी मृत्यू झाला तर प्रमाणपत्र द्यायला येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्युतदाहिनीच्या कर्मचाऱ्यांना कांडी आहे हे कळवायचं. यंत्राचं कार्ड आधार कार्डासोबत ठेवलं तर त्या गडबडीतही हाताशी येतं.